इटालो-डिस्को ध्वनिमुद्रिकांचा संग्रह

इटालो-डिस्को ध्वनिमुद्रिकांचा संग्रह : साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इटलीत तयार झालेल्या, सिंथेसायझर व तालयंत्रांवर आधारलेल्या नृत्यसंगीताच्या विनाइल तबकड्या जमविण्याचा छंद. ‘इटालो-डिस्को’ हे नाव इटलीत नव्हे, तर जर्मनीत रूढ झाले. ‘झेडवायएक्स’ या जर्मन कंपनीचे बर्नहार्ड मिकुल्स्की यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या संकलनांवर ते छापले आणि तेच टिकले.

या संगीताचे मूळ वाहन म्हणजे ३० सेंमी. व्यासाची, बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरणारी ‘मॅक्सी-सिंगल’ तबकडी होय. एका बाजूस गाणे व दुसऱ्या बाजूस त्याचेच वाद्यरूप, अशी तिची नेहमीची मांडणी असे. मिलानमधील ‘डिस्कोमॅजिक’सारख्या वितरकांमार्फत लहानलहान लेबलांच्या (तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या) तबकड्या बाजारात येत. कलावंतांची नावे बहुधा टोपणनावे असत आणि आवरणावरील चेहरा व गाणारा गळा एकाच माणसाचा असेलच असे नसे. ‘डेन हॅरो’ हे नावच पैशासाठीच्या ‘देनारो’ या इटालियन शब्दावर बेतलेले असून त्या नावाची अनेक गाजलेली गाणी गायक टॉम हूकर यांच्या आवाजातील आहेत. त्यामुळे संग्राहकाला कलावंताच्या नावापेक्षा निर्माते, वादक व लेबल क्रमांक यांचा माग काढावा लागतो.

मूळ प्रत ओळखण्यासाठी शेवटच्या खाचेपलीकडील गुळगुळीत पट्टी पाहतात. तेथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा ओळख-क्रमांक) आणि इटालियन तबकड्यांवर पुष्कळदा आढळणारी तारीख यांवरून उत्पादनाचा काळ ठरविता येतो. तबकडीच्या मध्यावरील कागदी लेबलावर ‘सिआए’ या इटालियन हक्कसंस्थेचा शाईचा शिक्का असणे ही आणखी एक खूण. पण शिक्का नसला म्हणजे प्रत बनावट, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. परदेशी परवान्याने निघालेल्या आवृत्त्यांवर तो नसतोच, आणि त्यांत गाण्याची लांबी वा मिश्रणही वेगळे असू शकते.

पुनःप्रकाशित तबकडीचा दर्जा पारखताना पहिला प्रश्न ध्वनी कोठून घेतला, हा असतो. मूळ मास्टर टेप (गाण्याचे अंतिम मिश्रण असलेली चुंबकीय फीत) उपलब्ध असणे उत्तम. मात्र त्या काळातील काही टेपांवरचा चिकटद्रव्याचा थर ओलावा शोषून घेतो व टेप यंत्राला चिकटू लागते. अशा टेपा वाजविण्यापूर्वी ५० अंश सेल्सियसच्या आसपास कित्येक तास नियंत्रित उष्णतेत ठेवाव्या लागतात. टेप हरवली असेल, तर चांगल्या जुन्या तबकडीवरून ध्वनी उतरविणे हा प्रामाणिक मार्ग आहे, पण तसे आवरणावर सांगितलेले असावे. न सांगता केलेले काम शांत जागी ऐकू येणाऱ्या सुईच्या टकटकीवरून उघडे पडते. ध्वनीच्या आलेखात सुमारे १६ किलोहर्ट्‌झच्या वर सारे अचानक कापलेले दिसले, तर कमी दर्जाच्या एमपीथ्री फाइलचा संशय घेण्यास जागा असते.

तबकडीच्या वजनाची जाहिरात फार होते. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भारदस्त लागते; ध्वनी मात्र कोरणाऱ्याच्या कौशल्यावर आणि खाचांना मिळालेल्या जागेवर ठरतो. ४५ फेऱ्यांना सुईखालून जाणारी खाच ३३⅓ फेऱ्यांपेक्षा ३५ टक्के वेगाने सरकते, म्हणून तिखट झांजा व ‘स’कार स्वच्छ उमटतात. तीन-चार लांब गाणी ३३⅓ फेऱ्यांच्या एकाच बाजूवर कोंबली, तर आवाजाची पातळी उतरवावी लागते व लेबलाकडील गाणे घोगरे होते. मध्यछिद्र किंचित सरकले असल्यास सिंथेसायझरचा दीर्घ सूर प्रत्येक फेरीला हेलकावतो. गिटारप्रधान संगीतात खपून जाणारा हा दोष येथे लपत नाही.

मूळ प्रत नेहमी श्रेष्ठ, ही समजूत या प्रकारात विशेष फसवी आहे. या तबकड्या क्लबमध्ये वाजविण्यासाठी निघाल्या आणि तशाच वापरल्या गेल्या; वारंवार मागे-पुढे फिरविल्याने गाण्याच्या आरंभीच्या खाचा झिजलेल्या असतात. बाहेरून चकचकीत दिसणारी प्रतही पहिल्या काही सेकंदांत खरखरते, म्हणून विक्रेत्याने दिलेली ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी) श्रेणी केवळ डोळ्यांनी दिली की वाजवून, हे आधी विचारावे लागते. उलट, अ‍ॅमस्टरडॅमचे ‘बोर्डेलो आ परिजी’ किंवा सॅन फ्रान्सिस्कोचे ‘डार्क एन्ट्रीज’ यांसारख्या लेबलांनी जुने संगीत नव्या तबकड्यांवर आणल्यामुळे न झिजलेली प्रत मिळू शकते. मात्र तिच्यावर मूळ वाद्यरूप आहे, की त्याच्या जागी आजचे रीमिक्स घातले आहे, हे बाजूवरील मिनिटे मूळ प्रतीशी ताडूनच पाहावे.