बिग डॅडी (शर्ली क्रॅबट्री)

बिग डॅडी : (१४ नोव्हेंबर १९३० – २ डिसेंबर १९९७). इंग्लंडचा व्यावसायिक कुस्तीगीर. मूळ नाव शर्ली क्रॅबट्री. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील कुस्तीचा सर्वांत लोकप्रिय चेहरा. डावपेचांच्या हिशेबाने मात्र त्याच्या काळातल्या पहिल्या दहा मल्लांत त्याला बसवणे अवघड आहे. तरीही त्याच्या नावावर सभागृहे भरत, आणि ती कशी भरवली गेली हाच या कारकिर्दीतला पाहण्याजोगा भाग.

त्याचा जन्म यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स या गिरण्यांच्या गावी झाला. वडिलांचे नावही शर्लीच; ते हॅलिफॅक्सच्या संघातून रग्बी लीग खेळत. हे नाव एव्हाना मुलींचे म्हणून रूढ झाले होते, त्यामुळे शाळेत चिडवाचिडवी आणि मारामाऱ्या ओघानेच आल्या. पुढे त्याने कोळशाच्या खाणीत काम केले, कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत नोकरी केली, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणूनही दिवस काढले. ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या रग्बी संघाने त्याला घेतले होते. पण तापट स्वभावामुळे मुख्य संघात त्याची वर्णी कधी लागली नाही.

१९५२ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीत उतरला. तेव्हा तो पिळदार अंगाचा, सोनेरी केसांचा देखणा गडी होता आणि ‘ब्लाँड अडोनिस’ या नावाने लढे. पण बर्ट असिराटी हा जुना विजेता त्याच्या कुस्त्यांना हजर राहून भर सभागृहात त्याला आव्हाने देऊ लागला. असिराटी खरोखरीचा लढवय्या होता. जिथे निकाल आधीच ठरतो, त्या नुरा कुस्तीच्या धंद्यात खरे लढायला टपलेला माणूस दारात उभा राहणे यासारखी दुसरी अडचण नाही. १९६६च्या सुमारास क्रॅबट्री आखाड्याबाहेर पडला आणि काही वर्षे बाहेरच राहिला.

त्याला परत आणून मोठे केले ते भावाने. सत्तरच्या दशकाच्या मध्यास मॅक्स क्रॅबट्री हा जॉइंट प्रमोशन्स या कुस्त्या भरवणाऱ्या संस्थेचा कारभार पाहू लागला. ब्रायन हा आणखी एक भाऊ आधी पंच आणि मग निवेदक. शर्ली आता चाळिशी ओलांडलेला, सुटलेल्या पोटाचा, दीडशे किलोंहून अधिक वजनाचा झाला होता. मॅक्सने ते पोटच भांडवल म्हणून वापरले. ‘बिग डॅडी’ हे नाव टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ या नाटकातील पात्रावरून आले. सुरुवातीला तो खलनायकच होता आणि जायंट हेस्टॅक्स (मार्टिन रुएन) या महाकाय मल्लाशी त्याची जोडी होती. मात्र केंडो नागासाकी या मुखवटाधारी मल्लाशी त्याचे वैर रंगले, १९७५ मध्ये डॅडीने दूरचित्रवाणीवर नागासाकीचा मुखवटा ओढून काढला आणि प्रेक्षक डॅडीच्या बाजूला झुकले. हेस्टॅक्सशी फाटल्यावर तर तो पोराटोरांचा आणि आज्यांचा लाडका झाला.

आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ या क्रीडा कार्यक्रमात शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, फुटबॉलचे निकाल सांगण्याआधी, कुस्ती दाखवत. डॅडी चकाकती टोपी घालून यायचा. अंगातल्या पोशाखावर भला मोठा ‘डी’. असा पहिला पोशाख पत्नीने घरच्या सोफ्याच्या छिटाच्या कापडातून शिवला होता. ६४ इंच छातीची नोंद गिनेस बुकात झाली होती. प्रेक्षक ‘ईझी! ईझी!’ असा एकसुरी घोष धरत.

कुस्तीचा साचा ठरलेला असे. बहुधा दोघांविरुद्ध दोघे. डॅडीचा तरुण, चपळ जोडीदार बराच वेळ लढे आणि मार खाई. अखेर तो कसाबसा कोपऱ्यापर्यंत सरपटत येऊन डॅडीच्या हाताला हात लावी. मग डॅडी आत शिरून पोटाची धडक देई, दोघांनाही लोळवी आणि शेवटी अंग झोकून प्रतिस्पर्ध्यावर पडे. हा ‘स्प्लॅश’ झाला की कुस्ती संपली. वय आणि वजन झाकण्याची ही नामी युक्ती होती. अशा जोडीदारांत डेव्ही बॉय स्मिथ होता. तोच पुढे अमेरिकेत ‘ब्रिटिश बुलडॉग’ झाला आणि केबलच्या जमान्यात आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक झाला. १९८१ मध्ये वेम्बली अरीनात हेस्टॅक्सशी झालेली बहुचर्चित कुस्ती तर तीन मिनिटेही टिकली नाही. सभागृह भरले होते, तक्रार कोणी केली नाही. चाहत्यांत मार्गारेट थॅचर यांचेही नाव घेतले जाई.

फेऱ्यांच्या जुन्या नियमांत बारकाईने लढणाऱ्या मल्लांना हे खुपत असे. त्यांचे म्हणणे वाजवीच होते : सगळे खेळ एकाच माणसाभोवती फिरू लागले आणि तो माणूस म्हातारा होत चालला होता.

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यार्मथच्या हिपोड्रोममध्ये नेहमीप्रमाणे स्प्लॅशने शेवट झाला, पण खाली पडलेला ‘किंग काँग’ माल्कम कर्क उठलाच नाही. रुग्णालयात नेल्यावर त्याला मृत घोषित करण्यात आले. चौकशीत कर्कला हृदयाचा गंभीर विकार असल्याचे निष्पन्न होऊन क्रॅबट्री निर्दोष ठरला. त्याने मात्र हा घाव मनाला लावून घेतला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८८ मध्ये, आयटीव्हीने कुस्ती दाखवणे बंद केले. डॅडी गावोगावच्या सभागृहांतून लढत राहिला आणि १९९३ मध्ये निवृत्त झाला. पक्षाघाताने हॅलिफॅक्समध्येच त्याचा मृत्यू झाला. हेस्टॅक्स १९९६ मध्ये ‘लॉक नेस’ या नावाने अमेरिकेत थोडा काळ लढला, पण कर्करोगामुळे त्याला परतावे लागले. नोव्हेंबर १९९८ मध्ये तोही गेला.