अश्लील वेगळं आणि जबरदस्ती वेगळी, ही गल्लत आता तरी थांबवा

बेळगावात चन्नम्मा सर्कलला बनियन-चड्डीचं मोठं होर्डिंग लागलं की आमच्या गल्लीतले काका लोक लगेच सुरू होतात, काय हे अश्लील, म्हणूनच बलात्कार वाढलेत. आणि हेच काका रात्री जेवताना टीव्हीवर हिरो त्या पोरीच्या मागं कॉलेजपासून घरापर्यंत फिरतोय, ओढणी ओढतोय ते बघून मस्त हसतात, नातवंडं मांडीवर. मराठी लावा नाहीतर कन्नड, तेच. खटकत नाही कारण काय, तर अंगभर कपडे आहेत की!

इतक्या वेळा ऐकलंय हे की वैताग आलाय, म्हणून लिहितेय.

अश्लील म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, किती अंग दिसतंय, चारचौघात बघायला लाज वाटते का. कुणाला कमी चालतं कुणाला जास्त. मला स्वतःला उघड्या पाठीचा काडीचा त्रास होत नाही. पुढं चला.

दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे जबरदस्तीत, कपडे मोजायचेच नसतात. तिथं बघायचं काय, तर त्या बाईच्या 'नको'ला किंमत आहे का, आणि तिची भीती आपल्याला गंमत म्हणून विकताहेत का. जून २०२२ ची लेयर शॉट बॉडी स्प्रेची जाहिरात आठवा. दुकानात एकटी मुलगी, मागं चार पोरं, आपण चार आणि एकच आहे अशा अर्थाचं बोलतात, ती दचकून वळते, मग कळतं की बोलणं बाटलीबद्दल होतं. मुलगी पूर्ण कपड्यात. पण सगळा जोक उभा कशावर? सामूहिक बलात्काराच्या भीतीवर. केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यानं ती यूट्यूब-ट्विटरवरून काढायला लावली, कंपनीनं माफी मागितली, आणि मला आलेले फॉरवर्ड मात्र 'अश्लील जाहिरातीवर बंदी' म्हणून. अश्लील कुठं होतं त्यात, दाखवा की!

बरं, कायद्यानं तरी दोन्ही सांगितलंय. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा बघा, त्याच्या व्याख्येत असभ्य चित्रणाबरोबरच बाईचा अवमान करणारं, तिला हीन लेखणारं चित्रणही आहे. आपण अर्धंच वाक्य वाचतो. आणि ते हिरोचं मागं मागं फिरणं २०१३ पासून गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. पडद्यावर मात्र शेवटी पोरगी हसते, म्हणजे 'नको' हा होकाराचाच पहिला भाग असं पोरं शिकणार.

सिनेमा बघून कुणी लगेच उठून गुन्हा करत नाही, हे मलाही कळतं. बदलतं ते काय चालतं आणि काय नाही याबद्दलचं मत. १९८१ मध्ये मालामथ आणि चेक या दोन संशोधकांनी कॅनडात २७१ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. बाईवरच्या जबरदस्तीचा शेवट गोड होतो असे सिनेमे काहींना दाखवले, पॉर्न नव्हे हं, साधे थिएटरात लागणारे, आणि काही दिवसांनी वेगळा सर्व्हे म्हणून मतं विचारली. ते सिनेमे बघितलेल्या मुलांना बाईवरची हिंसा जास्त खपण्यासारखी वाटत होती. मुलींचं तसं झालं नाही.

आता बातम्या. 'अब्रू लुटली' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. इथंही तीच गल्लत, मारहाण-जबरदस्तीचा गुन्हा उचलून लाजेच्या खात्यात टाकायचा. आपल्याच जिल्ह्यात वंटमुरीत डिसेंबर २०२३ मध्ये मुलगा एका मुलीला घेऊन पळून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधून मारलं. त्यावर इकडचे लोक हळू आवाजात बोलायचे, बिचारीची अब्रू गेली म्हणून. तिची का जाईल? आणि बातमीसोबतचं ते चित्र, गुडघ्यात तोंड घालून बसलेली बाई, मागं काळी सावली. सावलीच का, पॅन्ट-शर्टातला ओळखीचा माणूस काढा की, एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, आकड्यांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो.

तक्रार करायची असेल तर जाहिरातवाल्यांचीच एएससीआय म्हणून संस्था आहे, १९८५ पासूनची, ऑनलाइन कुणीही करू शकतं. फक्त त्यात 'अश्लील' एवढंच लिहून सोडू नका, बोलणं कपड्यांवर जातं आणि तिथंच संपतं. कितव्या सेकंदाला ती नको म्हणाली किंवा घाबरली आणि पुढं काय दाखवलं, तेवढं लिहा.