कुत्र्याची फोटोसाठी तयारी

व्यावसायिक छायाचित्रकाराकडून कुत्र्याचे फोटो काढून घेण्यापूर्वी त्याला अंगाने आणि मनाने सज्ज करण्याचे काम. घरच्या कुत्र्याचा वाढदिवस, श्वानप्रदर्शन, जाहिरात, रस्त्यावरच्या पिल्लाला घर मिळवून देणे, अशा निरनिराळ्या कारणांनी हे फोटो काढले जातात. तयारी म्हटले की लोकांना आधी आंघोळ आठवते. पण मळक्या अंगाने बिघडलेले फोटो थोडे, घाबरलेल्या डोळ्यांनी बिघडलेले बरेच.

एकोणिसाव्या शतकात ही अडचण निराळी होती. तेव्हाच्या फोटोला काही सेकंद निश्चल बसावे लागे, आणि कुत्र्याला ते कोण सांगणार? म्हणून जुन्या कौटुंबिक फोटोंत माणसे ठसठशीत आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याच्या डोक्याच्या जागी नुसता धुरकट ठिपका दिसतो. ज्याचा चेहरा स्पष्ट आला, तो बहुधा झोपलेला असे. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि कुत्रा हाच विषय घेऊन काम करणारे मोठे छायाचित्रकार झाले. अमेरिकेतील विल्यम वेगमन यांनी आपल्या मॅन रे नावाच्या वायमरनर कुत्र्याला वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर बसवले. एलियट अर्विट (१९२८–२०२३) यांचे १९७४ चे न्यूयॉर्कमधील छायाचित्र प्रसिद्ध आहे : टोपी घातलेले इवलेसे चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि पलीकडे धिप्पाड ग्रेट डेन कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा जमिनीलगत, चिवावाच्या उंचीवर आहे, म्हणूनच तो फोटो जमला. कुत्र्यांनी दचकून पाहावे यासाठी अर्विट स्वतः भुंकत असत.

*कॅमेऱ्याची ओळख.* कुत्र्यांच्या व्यवहारात अनोळख्याने टक लावून पाहणे म्हणजे आव्हान. मोठ्या लेन्सचे काळे, चकाकते तोंड त्यांना तशाच वटारलेल्या डोळ्यासारखे वाटत असावे. मोबाइलपुढे खुशाल लोळणारा कुत्रा मोठा कॅमेरा निघाला की मान फिरवतो, आणि मालक म्हणतो, ‘आज नखरे करतोय.’ हे नखरे नव्हेत. दहा-बारा दिवस आधीपासून रोज दोन मिनिटे एखादा काळा मग किंवा फुलपात्र डोळ्याला लावून त्याच्यासमोर बसावे आणि त्याने तिकडे पाहिले की खाऊ द्यावा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो काळा मग उचलला की कुत्रा आपणहून समोर येऊन बसू लागतो. कॅमेऱ्याचा ‘बीप’ आवाज छायाचित्रकाराने बंदच ठेवावा.

फ्लॅशचा प्रश्न थोडा वेगळा. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. अंधारात दिसण्यासाठी त्याचा उपयोग होतो, पण समोरून फ्लॅश मारला तर डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि घरचा मोती भुतासारखा दिसतो. छतावर किंवा भिंतीवर मारून आलेला प्रकाश बरा, खिडकीचा त्याहून बरा.

*शब्द.* मराठी घरांतली एक गंमत अशी, की घरात सगळे मराठी बोलतात आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी : ‘सिट’, ‘कम’, ‘नो’. काही घरांत बाबा ‘सिट’ म्हणतात आणि आजी ‘बस रे बाळा’. कुत्रा दोन्ही ओळखतो, पण छायाचित्रकाराच्या तोंडचे ‘सिट डाउन’ त्याला तिसरीच भाषा वाटते. म्हणून घरात चालणारे नेमके शब्द छायाचित्रकाराला आधी सांगून ठेवावेत, आणि प्रत्यक्ष फोटोच्या वेळी एकानेच बोलावे. पाच जण पाच बाजूंनी ‘इकडे बघ, इकडे बघ’ ओरडू लागले की कुत्रा कोणाकडेच बघत नाही. ‘बस’ आणि ‘थांब’ एवढे दोन हुकूम पक्के असले तरी काम भागते. तेही जमत नसतील तर बारीक दोरी बांधून ठेवावी. ती नंतर फोटोतून पुसता येते.

*आंघोळ आणि केस.* फोटोच्या एक-दोन दिवस आधी न्हाऊ घालावे. त्याच दिवशी न्हाऊ घातले की केस फुलतात, आणि ओला कुत्रा अंग घासायला नेमकी मातीच शोधतो. माणसांचा शॅम्पू वापरू नये. कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही. कानामागचा आणि काखेतला गुंता आधी सोडवावा, डोळ्यांतली चिपडे ओल्या कापसाने पुसावीत. नखे ग्रूमरकडून, म्हणजे कुत्र्यांचे केस-नखे नीटनेटके करणाऱ्याकडून, कापून घेतलेली बरी, कारण नखातली रक्तवाहिनी कापली गेली तर कुत्रा पुढचे कित्येक दिवस पाय हातात देत नाही. गोचिडी नीट पाहाव्यात. मालकाच्या नजरेतून सुटलेली गोचीड लेन्सच्या नजरेतून सुटत नाही. दुहेरी केसांच्या जातींना, म्हणजे जर्मन शेफर्ड किंवा हस्कीला, ‘उन्हाळा आहे’ म्हणून भादरून आणू नये.

*खाणे आणि फिरणे.* पोट तडस भरलेला कुत्रा खाऊसाठी हलत नाही, म्हणून आधीचे जेवण हलके ठेवावे. खाऊ मऊ आणि हरभऱ्याएवढा असावा : उकडलेले चिकन, पनीर. बिस्किटाचा चुरा मिशांना चिकटतो आणि मग तोच साफ करण्यात वेळ जातो. वाढदिवसाच्या फोटोत माणसांचा केक ठेवण्याची हौस अनेकांना असते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ कुत्र्याला विषारी असतात, म्हणून केक ठेवायचाच तर कुत्र्यांसाठी केलेला ठेवावा. आधी साधारण अर्धा तास फिरवून आणावे, पण दमवू नये. कुत्र्याला घाम फारसा येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी बाहेर फोटो काढू नयेत. तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर असे ऊन झेपतच नाही. २००३ मधील हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग भारतात घरोघरी पोचला, त्याच्या श्वासाची ही अडचण मात्र जाहिरातीत कुठून दिसणार!

*ऐन वेळी.* कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला २०,००० पर्यंतचे. त्यामुळे त्याचे लक्ष वेधायला ओरडावे लागत नाही. अनेक छायाचित्रकार खेळण्यातली शिट्टी काढून ओठांत धरतात. ती वाजली की धापा टाकणारा कुत्रा क्षणभर तोंड मिटतो, कान टवकारतो, कधी मान कलती करतो. हाताशी असतो तो एवढाच अर्धा सेकंद. दोन-तीनदा वाजवल्यावर तिची नवलाई संपते, म्हणून तीच शिट्टी घरी आधी वाजवून ठेवू नये. चेंडू निळा किंवा पिवळा न्यावा : कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हिरवळीवरचा लाल चेंडू त्याला चटकन सापडत नाही.

काळ्या कुत्र्याची गोष्ट छायाचित्रकाराच्या हातची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची धरून चालतो, म्हणून काळा लॅब्रेडोर राखाडी निघतो आणि पांढरा पॉमेरेनियन मळकट. पहिल्यासाठी प्रकाश कमी, दुसऱ्यासाठी जास्त घ्यावा लागतो. कारवानीसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्यात नाक स्पष्ट आणि डोळे पुसट अशी चूक हमखास होते. फोकस डोळ्यावरच हवा.

ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, मागे पडलेले कान, डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखे दिसणारे पांढरे बुबुळाबाहेरचे भाग, ही ताणाची लक्षणे आहेत. ‘हसतोय बघा किती गोड’ म्हणून कौतुकाने टिपलेला ताणलेल्या ओठांचा चेहरा अनेकदा उकाड्याने किंवा धास्तीने तसा झालेला असतो. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून कुत्र्याला पाणी द्यावे. शेपूट पायांत गेली असेल तर त्या दिवशी काम थांबवावे. टोपी, गॉगल, शेरवानी हे प्रकार ज्याला सहन होत नाहीत त्याला घालू नयेत. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्याला सहन होतात त्यालाही पाच मिनिटे पुरेत.

*कायदा.* घरच्या अल्बमसाठी परवानगीची भानगड नाही. जाहिरात किंवा चित्रपटासाठी कुत्रा वापरायचा असेल तर मात्र २००१ च्या खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीविषयक नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. हे मंडळ १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये १९६२ मध्ये स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा.

*दत्तक देण्यासाठीचे फोटो.* पुण्या-मुंबईत रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांना घरे मिळवून देणारे कार्यकर्ते आता चांगल्या फोटोंचा आग्रह धरतात. पिंजऱ्याच्या जाळीमागून काढलेल्या फोटोतले कुत्रे भेदरलेले दिसते. तेच गच्चीवर, सकाळच्या उन्हात, ओळखीच्या माणसाच्या मांडीशी टेकून बसलेले वेगळे दिसते. इथे ग्रूमर नसतो, तयारी म्हणजे ओला रुमाल, ओळखीचा हात आणि थोडा धीर. फोटो सुबक करण्याच्या नादात काही जण त्याच्या कानाची खाच संगणकावर भरून टाकतात. तसे करू नये. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण असते, आणि त्याला घरी नेऊ पाहणाऱ्याला ते न विचारता कळते.