शंखाचे नाव ठरते कसे?

हिंदी महासागरातील ज्या शंखाला आज शास्त्रज्ञ ‘टर्बिनेला पायरम’ म्हणतात, तोच जुन्या ग्रंथांत ‘झँकस पायरम’ या नावाने भेटतो. यातील ‘पायरम’ हे जातिनाम स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७६७ मध्ये दिलेले असून त्याबद्दल तंटा नव्हता. तंटा होता तो वंशनामाचा, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाचा. हॅम्बुर्गमधील बोल्टेन या वैद्याच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह विक्रीस निघाला, तेव्हा रोडिंगने १७९८ मध्ये त्याची सूची छापली आणि तीत ‘झँकस’ हे नाव आले. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कचे ‘टर्बिनेला’ १७९९ मधले. ती सूची शतकभर जवळपास विस्मृतीत गेली होती; ती पुन्हा उजेडात आल्यावर, आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य या नियमानुसार ‘झँकस’चा हक्क उभा राहिला. अखेर आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९५७ मध्ये विशेषाधिकार वापरून ‘टर्बिनेला’ कायम केले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण नियम नावे स्थिर राहावीत म्हणूनच केलेले आहेत.

मात्र दोन शिंपले एकाच जातीचे की वेगळ्या, हा प्रश्न आयोग सोडवत नाही. तो संशोधकांचाच असतो. ‘लिटोरिना सॅक्सॅटिलिस’ या खडकांवरील छोट्या गोगलगायीला आजवर शंभराहून अधिक वेळा नवी जाती म्हणून नाव दिले गेले. तिची मादी तयार पिल्लांनाच जन्म देते आणि ती पिल्ले जन्मस्थळापासून फार दूर जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक किनाऱ्यावर तिचे रूप निराळे घडते: खेकडे असतील तिथे कवच जाड आणि तोंड अरुंद, तर लाटांच्या माऱ्यात कवच पातळ आणि तोंड रुंद, म्हणजे पायाला खडक घट्ट धरता येतो. ही सगळी रूपे एकाच जातीची ठरली, तेव्हा १७९२ मध्ये इटालियन निसर्गशास्त्रज्ञ ओलिवीने दिलेले नाव टिकले आणि बाकीची त्याची समानार्थी नावे झाली.

अशा निवाड्यात वर्णनापेक्षा प्ररूप नमुन्याला, म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचे बांधलेले असते त्या प्रत्यक्ष कवचाला, अधिक महत्त्व असते. ते कवच फुटके किंवा रंग उडालेले असले तरी चालते. ते हरवले आणि नावाबद्दल खरोखरच संभ्रम असेल, तरच नवा नमुना नेमता येतो.