टॅबेबुयाची पानं गळाली म्हणजे झाड वाळलं नाही

माघ-फाल्गुनात टॅबेबुयाची पानं गळाली की ‘झाड वाळलं, भरपूर पाणी सोडा’ हा सल्ला लातूर-नांदेडकडं हमखास मिळतो. तो चूक आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड कोरड्या दिवसांत पानं टाकतं आणि बहुतेकदा उघड्या फांद्यांवरच गुलाबी किंवा पिवळं फुलतं. शंका वाटली तर बारीक फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. मोठ्या झाडाला या काळात रोज पाणी दिलं तर फुलांऐवजी पालवी जोर धरू शकते. शिवाय आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजायची भीती वेगळीच! नव्या रोपाचं पाणी मात्र तोडू नका. छाटणी बहर ओसरल्यावर. आधी केली तर कळ्याच जातील.