हॉपरबाईंचा कंपायलर आणि आपला कंपायलर

‘अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी 1952 मध्ये पहिला कंपायलर लिहिला’ हे वाक्य वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतची पोरं व्हायव्हात घडाघडा म्हणतात. डोळ्यांसमोर मात्र सी या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर असतो. सगळा घोळ तिथेच.

आपला कंपायलर सगळ्यांना ठाऊक आहे: एका भाषेतली वाक्यं घेतो, यंत्राच्या भाषेत उतरवतो. मालवणी गाऱ्हाणं प्रमाण मराठीत लिहून काढावं, तसं.

हॉपरबाईंचा तो पहिला कंपायलर, म्हणजे युनिव्हॅक या जुन्या संगणकावरचा ए-झीरो, असलं भाषांतर करतच नव्हता. त्याला द्यायचे नुसते क्रमांक: कुठला उपप्रोग्राम (एखाद्या ठरावीक कामाचा तयार तुकडा), कुठल्या आकड्यांवर, उत्तर कुठे ठेवायचं. तो टेपवरून ते तयार तुकडे काढून एकामागोमाग जोडायचा. भजनी मंडळाच्या जुन्या वहीतून ‘अभंग 12, गजर 40’ अशा यादीवरून नवी वही उतरवण्यासारखं काम. पण नुसतं उतरवून भागत नाही. जुन्या वहीत ‘पान 3 वरचं ध्रुवपद घ्या’ असं असेल आणि अभंग 37 पानं पुढे सरकला, तर तिथे 40 लिहावं लागतं. ‘3 वेळा म्हणा’ मधला 3 मात्र तसाच ठेवायचा, नाहीतर बुवांचा घसा बसेल! मेमरीतल्या पत्त्यांचंही अगदी हेच. आधी प्रोग्रामर हे तुकडे हाताने उतरवायचे, पत्त्यांच्या बेरजा हाताने करायचे, आणि दोन्हींत चुकायचे. उतरवणं आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामं, ती त्यालाच द्या, हा हॉपर यांचा साधा मुद्दा. आज हे काम लिंकर आणि लोडर नावाचे प्रोग्राम करतात. म्हणजे हॉपरबाईंच्या ‘कंपायलर’चे खरे वारस तेच, नाव तेवढं दुसऱ्याला गेलं.

इंग्रजी शब्दांतल्या आज्ञांचं भाषांतर हॉपर यांनीही केलं, पण पुढे, फ्लो-मॅटिक या भाषेत. 1959 पासून समितीने घडवलेल्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेवर त्याची दाट छाप आहे. ‘हॉपर यांनी एकटीने कोबोल लिहिली’ हे चूकच. त्या तिथे सल्लागार होत्या.

आणि ते ‘संकलक’! कंपायलरला पाठ्यपुस्तकी मराठीत हाच शब्द. ए-झीरोला तो चपखल बसतो, कारण तो खरोखर तुकडे संकलित करायचा. सीच्या कंपायलरला मात्र अनुवादकच म्हणावं.