हिरवं झाड उभं आणि घर मात्र राख : वणव्यात घर नक्की कशानं पेटतं?

शिमगा जवळ आला की गावाकडच्या ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, कुठल्यातरी सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) पेटलेल्या वणव्याचा व्हिडिओ आणि दुसरी, हवाई बेटांवरच्या लाहायना गावाचा तो फोटो. घरं राख झालीयत, गाड्यांचं अ‍ॅल्युमिनियम वितळून रस्त्यावर वाहिलंय आणि मधेच झाडं हिरवी उभी. खाली लिहिलेलं असतं की ही साधी आग नाही, आकाशातून लेझर मारून घरं टिपून टिपून जाळली, नाहीतर झाडं कशी वाचली? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळलं तेव्हा पुन्हा तेच. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात. मला ह्याचा राग येतो, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे, झाड का वाचलं आणि घर का गेलं, आणि त्याचं खरं उत्तर कळलं तर आपल्याकडचे कितीतरी गोठे, मांगर (बागेतल्या झोपड्या) आणि घरं वाचतील.

आधी अ‍ॅल्युमिनियमचा निकाल लावू. ते ६६० अंशाला वितळतं आणि पेटलेली गाडी त्याच्या सहज वर जाते, टायर आणि सीटचा फोम जळतो तेवढ्यानंच. लेझरची काही गरज नाही.

आता लाहायना. ८ ऑगस्ट २०२३, जोराचा वारा, आणि गावामागच्या उतारावर पूर्वी ऊस आणि अननस असलेली जमीन, मळे बंद पडल्यावर तिथे बाहेरून आलेलं गवत माजलेलं, त्यात आपल्याकडे गुरांसाठी लावतात ते गिनी गवतही. २२०० च्या आसपास इमारती गेल्या, शंभरेक माणसं गेली. म्हणजे सुरुवात घनदाट जंगलात नव्हती, पडीक जमिनीवरच्या वाळलेल्या गवतात होती, आणि हे चित्र रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

पुण्या-मुंबईचे लोक विचारतात की एवढा पाऊस पडतो त्या कोकणात कसला आलाय वणवा. तर पाऊस पडतो म्हणूनच! तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे गवत कंबरेपर्यंत येतं आणि मग सात महिने थेंब नाही. सड्यावर जांभ्याच्या वर मातीचा थर तो केवढा, ओल टिकतच नाही. मेलेलं बारीक गवत हवेतल्या दमटपणाप्रमाणे तासाभरात कोरडं होतं किंवा ओलं होतं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे उपयोगी पडतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो कोरडा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तो दुपारपर्यंत रेंगाळला की सड्यावरचं गवत पापडासारखं होतं. मग खारा वारा सुटतो. त्यात दमटपणा असतो, पण तो उलट दिशेनं येतो, आणि सकाळपासून पश्चिमेकडे सरकत असलेल्या आगीची जी मागची बाजू नुसती धुमसत होती तीच एकदम तोंड बनून पूर्वेकडे धावायला लागते. वणवा विझवायला गेलेली माणसं अडकतात ती बऱ्याचदा ह्या वारा फिरण्याच्या वेळी, म्हणून न जळलेल्या गवताच्या बाजूनं कधी उभं राहू नये, जळून गेलेल्या काळ्या जागेच्या बाजूनं यावं.

(आणि तो बांबू बांबूवर घासून वणवा लागतो वगैरे, ते सोडून द्या. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे. टाकलेली विडी, राब भाजताना (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना) सुटलेली आग, शिकारीसाठी लावलेली, किंवा गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं ह्या समजुतीनं लावलेली.)

तर आता मुख्य गोष्ट. आपल्या डोळ्यासमोर चित्र असं असतं की डोंगरावरून ज्वाळांची भिंत येते आणि घराला गिळते. बहुतेक घरं अशी जळत नाहीत.

आगीपासून उष्णता तीन रस्त्यांनी येते हे शाळेतलंच. ज्वाळेला घर चिकटलेलं नसेल आणि गरम हवा वर निघून जात असेल तर लांबून घरापर्यंत पोचते ती मुख्यतः प्रारणानं, म्हणजे उन्हासारखी, सरळ रेषेत. भर दुपारचं ऊन म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट. कोरडं लाकूड, शेजारी ठिणगी असताना, पेटायला ह्याच्या १२-१३ पट उष्णता लागते, आणि ती सुद्धा क्षणभर नाही तर मिनिटांच्या हिशोबात सतत लागते, कारण लाकडाचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या आसपास तापला पाहिजे, त्यातून जळणारे वायू निघाले पाहिजेत, ते हवेत मिसळले पाहिजेत, तेव्हा ज्वाळ धरते. उष्णता जास्त असेल तर वेळ कमी लागतो पण वेळ लागतोच. आणि गवताची आग एका जागी टिकते किती? दहा-पंधरा सेकंद. निरांजनाच्या ज्योतीवरून आपण हात फिरवतो आणि भाजत नाही, तेच गणित, तापमान भरपूर पण वेळ नाही. त्यात अंतर वाढेल तसं ज्वाळेची भिंत घराच्या 'नजरेतून' लहान होत जाते आणि पोचणारी उष्णता झपाट्यानं पडते. ज्वाळेचं तापमान निरपेक्ष अंशात (केल्विनमध्ये) मोजून त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात प्रारण निघतं हे खरं, म्हणून जवळ ते भयानक असतं, पण अंतराचा हिशोब त्याला पुरून उरतो.

हे नुसतं कागदावर नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या उत्तरेत मुद्दाम जंगलाचे तुकडे पेटवून, शेंड्यापर्यंत जाणारी आग लावून, समोर लाकडी भिंती उभ्या करून प्रयोग झाले. १० मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. लक्षात घ्या, ही उंच झाडांची आग होती, आपल्या सड्यावरच्या गवतापेक्षा कितीतरी मोठी.

मग लाहायनात एवढी घरं गेली कशी? ठिणग्यांनी. आणि एकदा पहिली काही घरं पेटली की मग घरांनीच घरं पेटवली, कारण गवत सेकंदात जळून जातं पण घर तासन्‌तास जळतं, त्याला वेळच वेळ असतो. झाडं का वाचली तेही इथेच आहे. हिरव्या पानात कोरड्या वजनाच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त पाणी असतं आणि एक किलो पाणी वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, तेवढं होईपर्यंत पान पेटत नाही. घरातलं वाळलेलं सागवान म्हणजे दहा-बारा टक्के पाणी. हिरव्या झाडापेक्षा घर जास्त चांगलं जळण आहे. संपलं लेझर.

ठिणगी हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा थांबतो. ठिणगी उडायला हलकी पाहिजे, पण इतकीही बारीक नको की हवेतच जळून संपेल. गवताची काडी पटकन संपते. पण झाडाच्या सालीचा पापुद्रा, वाळलेलं आंब्याचं पान, माडाच्या झावळीचा तुकडा हे चपटे असतात, वाऱ्यावर तरंगतात, आणि आतून निखाऱ्यासारखे धुमसत लांब जातात. ज्वाळ दिसत नाही, नुसता लाल ठिपका. तो वाऱ्याबरोबर घरावर येतो, भिंतीला आपटतो आणि खाली पडतो, म्हणजे वाऱ्यानं जिथे पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा केलेला असतो नेमका त्याच कोपऱ्यात, कारण दोघांना आणणारा वारा एकच. जोत्याच्या आणि पायरीच्या बेचक्यात चार बोटं पातेरा असला की ठिणगी त्यात रुतते, वरून काही कळत नाही, आत कडा लाल होत होत भोक वाढत जातं, बारीक निळसर धूर येतो, आणि एक वाऱ्याची झुळूक आली की भप्पकन ज्वाळ. ही ज्वाळ वीतभर असली तरी ती दाराच्या चौकटीला चिकटलेली आहे आणि चौकटीला हवा तेवढा वेळ देणार आहे.

आता आपलं घर बघा. चिऱ्याची भिंत, शेणाचं किंवा फरशीचं खळं म्हणजे अंगण, वर कौलं. ह्यातलं काही पेटत नाही! जगात लाकडी घरं बांधणाऱ्यांपेक्षा आपण किती पुढे आहोत. पण मार्च ते मे, बरोबर वणव्याच्या दिवसात, आपण काय करतो? खळ्यात वाळलेल्या झावळ्यांचा मांडव घालतो, घराला टेकून. पावसाची बेगमी म्हणून पडवीत लाकडं रचतो, शेणी रचतो, नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) वळचणीला ढीग करून ठेवतो. गोठ्याच्या माळ्यावर पेंढा. कौलांच्या खाली वाशांवर चिमणीची घरटी आणि उंदरांनी ओढून नेलेला कचरा, पन्हळीत आंब्याचा पाला. घर दगडाचं आणि त्याला नेसवलेलं सगळं जळण.

सोडणाबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. मच्छरांसाठी आपण ती धुपवतो कारण ती ज्वाळ न धरता तासन्‌तास धुमसतात. वणव्याची एक ठिणगी त्या ढिगात पडली तर संध्याकाळी वणवा विझला, लोक घरी गेले, आणि पहाटे तीन वाजता पडवी पेटली असं होऊ शकतं. मग "आग नव्हती तिथे आग लागली" म्हणजे कुणाची तरी करणी, भानामती, आणि संशय जातो वाडीतल्या एखाद्या एकट्या बाईवर. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अशाच संशयातून होणाऱ्या छळासाठी. धुमसणं ही पूर्णपणे समजलेली गोष्ट आहे, त्यासाठी कुणाला वाळीत टाकायची गरज नाही. पेंढा नीट न वाळवता रचला तर तो ठिणगीशिवायही पेटू शकतो, आत सूक्ष्मजीवांमुळे सत्तर अंशांच्या आसपास तापतो आणि पुढे रासायनिक क्रिया चालू होते, तेही भूत नाही.

लाहायनाच्या त्याच फोटोंत एक लाल छपराचं घर अख्खं उभं दिसतं, आणि त्यालाही चमत्कार म्हणून फिरवलं. ते शंभरेक वर्षं जुनं लाकडी घर आहे. मालकांनी आगीचा विचार न करता, डागडुजी म्हणून, छपराला नवीन जाड पत्रा घातला होता आणि पागोळ्या पडतात त्या रेघेवरची झुडपं काढून गोटे पसरले होते. नशिबाचा भाग होताच, पण ठिणग्यांना धरायला तिथे फारसं काही मिळालं नाही हे उघड आहे.

कॅलिफोर्नियात आता घराच्या भोवतीच्या ह्या पहिल्या पाच फुटांवरच सगळ्यात जास्त भर देतात. आपल्याकडे हे फुकट होण्यासारखं आहे. पाच फुटात जळेल असं काही नको, नुसतं खळं, गोटे किंवा माती. लाकडं आणि सोडणं मे महिन्याच्या शेवटापर्यंत खळ्यापलीकडे, वर पत्रा टाकून, पाऊस अगदी तोंडावर आला की आत. पेंढ्याची गंजी घरापासून आणि गोठ्यापासून तीस-चाळीस फूट तरी लांब. कौलं शाकारायला माणूस चढतो तेव्हा घरटी आणि पाला काढून घ्यायला सांगा, आणि शाकारणी मे अखेर न ठेवता जानेवारीत करा. पिंप भरून ठेवा, कारण वणव्यात तारा तुटल्या की लाईट जाते आणि पंप बंद, बागेतला प्लॅस्टिकचा पाईप तर आधीच वितळलेला असतो. जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) मारायची ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, गवत अर्धं ओलं असताना, दोन बाजूंनी आधी कापून, सकाळी वारा पडलेला असताना, वाडीतली माणसं बरोबर घेऊन. मार्चच्या दुपारी एकट्यानं आपलं काजूचं कलम वाचवायला म्हणून काडी ओढणं म्हणजे शेजाऱ्याची बाग जाळणं. मोठा वणवा असेल तर ११२ किंवा वनविभागाचा १९२६.

आणि नवीन बंगलेवाल्यांसाठी एक. जुन्या वाड्या डोंगराच्या पायथ्याला किंवा मधल्या सपाटीला आहेत, आता समुद्र दिसावा म्हणून घरं अगदी उताराच्या माथ्यावर, कडेला बांधतात. आग चढावर पळते, दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट, कारण ज्वाळ वरच्या गवतावर झुकते. माथ्यावरच्या घराला कॅनडातल्या भिंतींचा हिशोब तसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी खालच्या उतारावरचं गवत लांबपर्यंत कापून ठेवलंच पाहिजे, आणि डेकखाली पाला साठू देऊ नये.

धुराचं थोडक्यात. ओला रुमाल नाकाला बांधणं सगळीकडे सांगतात, त्याचा फारसा उपयोग नाही. त्रास देणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केस असतो पन्नास-सत्तर मायक्रॉनचा, कापडाची वीण त्यांच्यासाठी सताड उघडं दार आहे. एन-९५ मास्क चालतो, कारण त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि कण त्याला खेचले जातात, पण तो गालाला घट्ट बसला पाहिजे, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यानं अडत नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, धूर खोऱ्यात साचतो आणि सकाळी आठ-नऊपर्यंत हलत नाही, म्हणून दमेकरी आणि लहान मुलं असतील त्या घरात रात्री आणि सकाळी खिडक्या बंद ठेवा, दुपारी खारा वारा सुटून धूर पांगला की सगळं उघडा. धूर असताना चूल, अगरबत्ती, मच्छर कॉइल शक्यतो नको, घरात कण वाढवायला तेवढं पुरतं. काजूच्या बियांची टरफलं तर कधीच उघड्यावर जाळू नका, त्यातल्या तेलानं हात कसे उततात ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला तसाच झोंबतो.